सहा नंबरचा उपवास

मिस्त्री चहा पीत नसत, चहा निववत असत. पिणं हा त्या कामाचा शेवटचा आणि बिनमहत्त्वाचा भाग होता. बशीत चहा ओतला की ते पिशवीतून सायकलचा छोटा पंप काढायचे. त्याच्या तोंडाला त्यांनी स्वतः कातून बसवलेली पितळी तोटी होती. ती चहावर धरायची, एक डोळा मिटून अंतर जोखायचं आणि पंप मारायचा. तोटी फार जवळ आली तर चहा समोरच्याच्या सदऱ्यावर उडायचा. समोर बहुतेक वेळा मी असायचो.

"बगितलं?" ते म्हणायचे. "लय जवळ धरलं की वारा खड्डा पाडतो. लय लांब धरलं की वाटंतच दमतो. भोकाच्या सहापट लांब धरायचं. लिवून घे."

मी लिहून घ्यायचो. मला तेव्हा सगळंच लिहून घ्यायची सवय होती. आंबी या आमच्या गावातून कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. जे लिहून घेतलं ते पाठ होतं आणि जे पाठ होतं ते पास होतं, अशी माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, समजूत होती. ती खोटी ठरवायची हिंमत मला अजून झालेली नव्हती.

पानशेत फुटून दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या कॉलेजात माझं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं होतं. नियम असा होता की उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे कारखान्यात काम करायचं, प्रशिक्षणाची वही भरायची आणि शेवटच्या पानावर तिथल्या वरिष्ठाची सही आणायची. सही नाही तर शेवटच्या वर्षात प्रवेश नाही. माझ्या वर्गातल्या कित्येकांचे मामा कुठे ना कुठे साहेब होते. त्यांच्या वह्या सुट्टी लागायच्या आधीच सह्यांसकट तयार होत्या. माझे मामा भात लावत. म्हणून मी मळवली आणि कामशेतच्या मधे, रुळांलगतच्या एका काचेच्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि एक भट्टी. तिथे औषधाच्या बाटल्या होत असत. आता तिथे काहीच नाही, तेव्हा नाव सांगण्यातही अर्थ नाही.

मालकांनी, म्हणजे शेठनी, मला मिस्त्रींकडे पाठवलं. उंच, पाठीत वाकलेला माणूस. डोक्यावर एकेकाळी पांढरी असलेली टोपी, आणि कानावर जिथे इतरांची बिडी असते तिथे कोंबडीचं पीस. ते सायकलच्या तारेला दोऱ्यानं बांधलेलं होतं. मी वही उघडून शेवटचं पान दाखवलं आणि म्हणालो, "साहेब, इथे आपली सही लागेल."

"साहेब सत्तेचाळीस सालीच बोटीत बसलं," ते म्हणाले. "मी मिस्त्री. आन् सही वारा कळल्यावर."

"वारा? की काच?"

"काच भट्टीला कळती. आपल्याला वारा कळला तरी बास."

मला वाटलं, चौथी शिकलेला माणूस आहे, असं बोलायचाच. माझ्या ट्रंकेत उष्णतेवरचं सहाशे पानांचं पुस्तक होतं. ते मी उशाशी घेऊन झोपत असे.

वाऱ्याचं काम काय होतं ते सांगतो. भट्टीतली पातळ काच सळईवर गोळा करून बिडाच्या साच्यात सोडत आणि आतून हवा फुंकून तिची बाटली करत. साचे सहा, एका लांब लोखंडी पाटावर ओळीनं उभे. प्रत्येक बाटलीबरोबर साचा तापत जायचा, आणि फार तापला की काच त्याला चिकटायची. म्हणून पाटाखाली पत्र्याची एक लांबट पेटी बसवली होती. तिच्या वरच्या अंगाला सोळा भोकं. ब्लोअर सुरू झाला की भोकांतून वाऱ्याचे सोळा फवारे सरळ पाटाच्या बुडावर आदळत आणि त्याची उष्णता घेऊन जात. पेटी आणि पाट यांच्यामधली फट तीन बाजूंनी पत्र्यानं बंद होती. वापरलेला, तापलेला वारा चौथ्या बाजूनं, म्हणजे सहाव्या साच्याकडच्या टोकानं बाहेर पडे.

आणि हा सहावा साचा कायम रुसलेला. बाकीचे पाच धडधड बाटल्या देत असताना हा मात्र तापून बसायचा. यावर मिस्त्रींनी तोडगा काढला होता. एका फेरीला सहाव्यात काच घालायची, पुढच्या फेरीला तो रिकामा ठेवायचा. त्या रिकाम्या फेरीला शेडमध्ये उपवास म्हणत. ब्लोअर सांभाळणारा सखाराम साच्यावरून हात ओवाळून म्हणायचा, "आमच्या घरात म्हातारी बी एवढं उपास करीत न्हाई."

मिस्त्रींचा दिवस पीस घेऊन सुरू व्हायचा. ते पाटाखाली वाकून, फटीच्या बाजूच्या पत्र्यातल्या बारीक झडपा सरकवून प्रत्येक भोकावर पीस धरायचे, ते कसं थरथरतं, कुठे झुकतं ते बघायचे, आणि फवाऱ्याला शिव्या द्यायचे. "तेरा नंबर, काल ताडी पिऊन आलास का रं?" एकदा शेठ कुणा गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत होते आणि मिस्त्रींचे फक्त दोन पाय पाटाखालून बाहेर दिसत होते. गिऱ्हाइकानं विचारलं, "हे काय करतायत?" शेठ म्हणाले, "तपासणी." तेवढ्यात पाटाखालून आवाज आला, "मुडद्या, सरळ उभा ऱ्हा!" गिऱ्हाईक सरळ उभं राहिलं.

देवावर त्यांचा राग नव्हता, देवळाच्या बांधणीवर होता. त्यांच्या गावच्या देवळाचा गाभारा लहान, दार एकच. आरतीला धूप घातला की धूर आतच कोंडे आणि पुजारी दर कडव्याला खोके. मिस्त्रींनी गावकीत सुचवलं की देवाच्या पाठीमागे खिडकी पाडा. गावकीत भांडण झालं. देवाच्या पाठीत भोक पाडायला निघालेला माणूस म्हणून त्यांना देवळाच्या कामातून काढून टाकलं. "नऊ वर्सं झाली," ते मला सांगत होते. "दरसाली इशय काढतो, दरसाली हाकलत्यात. पुजारी अजून खोकतोय."

पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीत असाच गोंधळ घातला होता. मांडवाला एकच तोंड. जेवून उठलेले त्याच तोंडानं बाहेर निघाले आणि भुकेले त्याच तोंडानं आत घुसत होते. मधे दोघांची गर्दी, आणि शेवटच्या पाटांपर्यंत वाढपी पोचेनात. मिस्त्री खुर्चीवर चढून ओरडले, "जेवल्याली माणसं आदी भाईर काडा! हात तितंच धुवा!" नवऱ्याकडची मंडळी रुसली. त्यांची समजूत घालायला संध्याकाळ झाली.

हे सगळं मी हसून ऐकत होतो आणि त्यात माझ्या कामाचं काही आहे असं मला वाटत नव्हतं.

चार आठवडे गेले. वहीत मी भट्टीची चित्रं काढली, मापं लिहिली, समासही आखले. मिस्त्रींनी पानं उलटली आणि म्हणाले, "अक्षर ब्येस हाय." सहीचं नाव नाही. घरी दादांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगं पुढच्या वर्षी इंजिनिअर. सही मागायची मला लाज वाटायची आणि न मागितल्यानं झोप लागत नव्हती. मग माझ्या मनात आलं की आपण सहाव्या साच्याचा उपवास सोडवून दाखवावा. मग कसे सही देत नाहीत ते बघू.

गणित सोपं होतं. सोळा भोकं एवढी उष्णता नेतात, तर तेहतीस भोकं दुपटीहून थोडी जास्तच नेतील. हे गणित मला अजूनही निर्दोष वाटतं. फक्त वाऱ्यानं ते वाचलेलं नव्हतं.

भट्टीत नवा माल भरला की तो वितळेपर्यंत काम बंद असे. अशा एका दुपारी सखाराम भाकरी खायला गेला, मिस्त्री चहा निववायला गेले. मी पेटी खणासारखी ओढून काढली आणि हातड्रिलनं सतरा भोकं पाडली. पट्टी लावून, अगदी सरळ रेषेत. पेटी परत सरकवली आणि खाली पडलेला पत्र्याचा कीस पायानं पाटाखाली लोटला.

काम सुरू झालं आणि अर्ध्या तासात सहावाच काय, पाचवा आणि चौथाही तापला. काच साच्याला चिकटायला लागली. बाटल्या निघाल्या त्या खांदे पडलेल्या आणि पोट सुटलेल्या. एक तर अशी वाकली होती की नमस्कार करते आहे असं वाटावं. फुटक्या मालाचा ढीग गुडघ्याएवढा झाला तेव्हा शेठ आले.

"ब्लोअर कोण बघतो?"

सखाराम पुढे झाला. "शेठ, ब्लोअर तर रोजच्यावाणी चालतोय. आवाज ऐका की."

"आवाज ऐकू की बाटल्या बघू? तू सोमवारपासून येऊ नको."

सखारामानं मिस्त्रींकडे बघितलं. मी जमिनीकडे. माझ्या तोंडापर्यंत वाक्य आलं होतं. ते उच्चारलं की वही बंद, कॉलेज बंद, आणि दादांना गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी ते वाक्य गिळलं. 

मिस्त्री पाटाखाली शिरले. पहिल्या भोकांवर पीस ताठ उभं राहिलं. सहाव्या साच्याकडे सरकत गेले तसं ते झुकत गेलं, आणि शेवटी तर आडवंच पडून बाहेरच्या टोकाकडे फडफडायला लागलं. त्यांनी शिवी दिली नाही. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. ते बाहेर आले, माझ्या डोक्याकडे क्षणभर बघितलं आणि शेठना म्हणाले, "उद्या रविवार. सोमवारी सांगतो काय झालं ते. तंवर सखारामला काडू नका." मग माझ्याकडे वळून, "तू उद्या माज्यासंगं कुरवंड्याला यायचं."

रविवारी लोणावळ्याला गाडीतून उतरून आम्ही कुरवंड्याची वाट धरली.  गावातल्या शेवटच्या घरी एका मावशींनी आम्हाला पाणी दिलं. मिस्त्रींना बघून त्या हसल्या.

"आला का टोपीवाला! आन् ह्यो कोन? यंदा जोडीदार घावला व्हय?"

"कॉलेजातला हाय, मावशे."

"मंग त्याला तरी सांगा काय करता त्ये." मग त्या मला म्हणाल्या, "दरसाली येतोय बग, कड्यावरनं टोपी टाकतोय. टोपीला अक्कल हाय, ती माघारी येती. ह्याला कवा यायाची?"

नागफणीच्या कड्यावर आम्ही पोटावर झोपलो. खाली सरळ कोकण. मे महिन्यातला दुपारचा वारा खालून येऊन कड्यावर असा आदळत होता की बोललेलं परत तोंडात जात होतं. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली आणि खाली सोडून दिली. ती हातभर खाली गेली, थांबली, आणि कुणी उचलल्यासारखी वर येऊन आमच्या डोक्यांवरून मागच्या गवतात जाऊन पडली.

"आता तू पाला टाक. खाली, कड्याच्या अंगावर मार."

मी वाळलेल्या पाल्याची मूठ कड्याच्या भिंतीकडे भिरकावली. एकही पान भिंतीला लागलं नाही. वर चढणाऱ्या वाऱ्यानं सगळी मूठ वाटेतच उचलून नेली.

"का न्हाई लागला पाला?" मिस्त्री ओरडले.

"आधीचा वारा मधे आला."

"आधीचा कसला? ह्याचं तर काम झालंय. आदळून झालं. मंग ह्यो मदी का?"

"त्याला जायचंय म्हणून," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला पुतणीच्या लग्नाची पंगत दिसली. माझे तेहतीस फवारे पाटावर आदळत होते. आदळलेला सगळा वारा एकाच तोंडानं, सहाव्या साच्यावरून बाहेर पडायला निघाला होता. त्या जेवून उठलेल्या गर्दीत शेवटचे फवारे पाटापर्यंत पोचतच नव्हते. त्यातून ब्लोअर तोच, भोकं दुप्पट, म्हणजे प्रत्येक फवारा आधीच अर्धपोटी.

मी उठून बसलो. "मिस्त्री, ती भोकं मी पाडली. सतरा."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुज्या केसात पत्र्याचा कीस हुता. आन् सखारामनं पाडली असती तर नागमोडी पडली असती. पट्टी लावून चूक करनारा कारखान्यात योकच."

"मग काल बोलला का नाहीत?"

"त्ये मी कशाला बोलू? भोकं काय माजी हायती?" त्यांनी गवतातून टोपी आणून झटकली. "सखारामच्या घरी काल कुणी निवांत जेवलं नसंल, यवडं ध्येनात ठिव."

मी सदऱ्यावरचं गवत झटकलं. मग जे विचारू नये तेच विचारलं. "आणि सही?"

"आदी भोकं," मिस्त्री म्हणाले.

सोमवारी सकाळी मी शेठना सगळं सांगितलं. सखाराम शेजारीच उभा होता. शेठ फक्त "कॉलेज!" असं म्हणाले, पण ते असं म्हणाले की मिस्त्रींच्या सगळ्या शिव्या त्यापुढे फिक्या पडल्या. मग मी पेटी बाहेर काढून बसलो आणि भोकं रिबिटं ठोकून बुजवायला लागलो. सखाराम माझ्याशी बोलत नव्हता. पण पाचव्या रिबिटाला माझ्या अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हा त्यानं न बोलता पेटी खालून धरली.

अकरावं रिबिट मारताना मला एक गोष्ट सुचली. सतरा भोकं बुजली तरी आपण परत जिथे होतो तिथेच. सहावा साचा उपाशी तो उपाशीच. मी मिस्त्रींना घाबरत घाबरत विचारलं, "जेवलेल्या माणसांना मधूनच बाहेर काढलं तर?"

"कुटनं?"

"फटीची बाजू बंद आहे ना, तिसऱ्या आणि चौथ्या साच्याच्या मधे तिथला पत्रा कापायचा. पहिल्या तिघांचा वारा तिथूनच जाईल. सहाव्यापर्यंत येणारच नाही."

मिस्त्रींनी पंप खाली ठेवला. बशीतला चहा तसाच वाफाळत राहिला. ते पेटीकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत पेटीकडे. त्यांचा चेहरा पडला होता की खुलला होता हे मला आजही ठरवता येत नाही.

"नऊ वर्सं," ते हळूच म्हणाले. "नऊ वर्सं देवाच्या मागं खिडकी पाडा म्हणून गावाशी भांडलो. आन् सोताच्या पेटीला..." पुढे त्यांनी स्वतःलाच जी शिवी दिली ती मी वहीत लिहून घेतली नाही. सखाराम मात्र तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

पत्रा मिस्त्रींनीच कापला, दोन्ही बाजूंनी, चार चार बोटं रुंद. दुपारी काम सुरू झालं. पहिल्या फेरीला सहाव्यात काच घातली. दुसऱ्या फेरीला सळईवाला सवयीनं सहावा सोडून पुढे निघाला, तेव्हा मिस्त्री ओरडले, "त्येला बी वाढ!" काच पडली, हवा फुंकली, साचा उघडला. बाटली सरळ उभी. खांदे जागेवर. तिसऱ्या फेरीला तसंच, दहाव्या फेरीला तसंच. मिस्त्री पीस घेऊन पाटाखाली गेले आणि एकाही फवाऱ्याला शिवी न देता बाहेर आले.

सखारामानं आपल्या डब्यातल्या गुळाचा खडा काढून पाटाच्या कडेला ठेवला आणि हात जोडले. "सुटला बाबा उपास! म्हातारीला सांगतो, तू बी सोड आता."

शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी वही मागितली. छापील ओळ होती, काम समाधानकारक किंवा असमाधानकारक, नको ते खोडा. ती इंग्रजीत होती, म्हणून मी ती त्यांना मराठीत सांगितली. त्यांनी दुसऱ्या कानामागची जाड पेन्सिल काढून दोन्ही शब्द खोडले आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: "सतरा भोकं जास्ती पाडली. सतरा सोता बुजवली. एक दार उघडलं." मग सही.

मी ते वाचून रडकुंडीला आलो. "मिस्त्री, हे कॉलेजात चालणार नाही. नुसतं समाधानकारक ठेवा की."

"का? खोटं लिवलंय?"

"खोटं नाही."

"मंग पळ. गाडी चुकंल."

वहीवरची तोंडी परीक्षा जूनमध्ये होती. बाहेरून आलेले परीक्षक जाड चष्म्याचे होते आणि इंग्रजीत प्रश्न विचारत होते. इंग्रजीत मी आधीच अडखळायचो. माझी वही त्यांनी मागून उघडली, दोन्ही शब्द खोडलेले बघितले, खालचा मजकूर दोनदा वाचला, आणि मराठीत विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगायला लागलो. पेटी, पाट, सोळा भोकं, माझी सतरा. पीस कुठे उभं राहिलं आणि कुठे आडवं झालं. कड्यावर पाला भिंतीला का लागला नाही. सखारामाचंही सांगितलं, ते खरं म्हणजे परीक्षेत सांगायचं नव्हतं. मधेच शिपाई त्यांचा चहा ठेवून गेला. मी पत्रा कापल्यापर्यंत आलो होतो. परीक्षक माझ्याकडे बघत बघत कप उचलून अगदी ओठांशी नेऊन त्यावर फुंकर मारू लागले, आणि चहा बशीत सांडला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, लांब धरा. ओठांच्या फटीच्या सहापट."

मागे आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी श्वास आत घेतल्याचं मला ऐकू आलं. परीक्षकांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला. मग कप परत उचलला, ओठांपासून चार बोटं लांब धरला आणि हळू फुंकर मारली. वहीवर त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. शेवटच्या वर्षाच्या यादीत नाव लागलं तेव्हाच कळलं.

त्याच आठवड्यात मी मळवलीला उतरून कारखान्यात गेलो आणि मिस्त्रींना सगळी हकिगत अथपासून इतिपर्यंत सांगितली. ते पाटाखाली होते, फक्त पाय दिसत होते. माझं सांगून झालं. यादीत नाव लागल्याचंही दोनदा सांगितलं. पाय हलले नाहीत.

"मंग?" पाटाखालून आवाज आला. "निवला का त्येंचा च्या?"